दिपोटी

पेपर तपासणे हा माझा व्यवसाय आहे. गेली एकोणीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. पण शिकवण्यापेक्षा तपासण्यातच आपले आयुष्य अधिक गेले, असे मला कधी कधी वाटते. पूर्वी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येत. आता मूल्यमापन केंद्रात जाऊन बसावे लागते. एवढ्या वर्षांत परीक्षकाच्या सगळ्या चांगल्यावाईट खोडी माझ्या अंगी मुरल्या आहेत. पहिले पान वाचले की शेवटच्या पानाचा अंदाज येतो. एका बाकावरच्या दोघांनी एकमेकांचे पाहून लिहिले असेल तर ते चटकन ध्यानात येते. आणि अक्षर वळणदार असले, समास नीट सोडलेला असला, की हात आपोआप सैल सुटतो! ही शेवटची खोड मी आधीच कबूल करून टाकते. पुढे ती माझ्या चांगलीच अंगाशी आली.

गेल्या वर्षी श्रावणात आमची आक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली. आक्का म्हणजे माझी आत्या. ऐन तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही, आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमची आई लवकर गेली, म्हणून दादाला आणि मला वाढवले ते आक्कानेच. वय चौऱ्याऐंशी. खुब्याचे हाड मोडले. मिरजेला नेले, शस्त्रक्रिया झाली, हाड जागच्या जागी बसले. पण आक्काचे भान मात्र जागेवरून सरकले. तिसऱ्या रात्री ती परिचारिकेवर रागे भरू लागली, "हजेरीपट कुठं ठेवलायस? वर्ग सुरू व्हायची वेळ झाली!" या वयात शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना असा भ्रम होतो, असे डॉक्टर म्हणाले, काहींचा तो ओसरतो, काहींचा थोडा मागे राहतो. आक्काचा बराचसा ओसरला. पाय मात्र जमिनीला टेकवायला ती तयार होईना.

घरी ठेवायचे तर घरात कोण? आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यजमानांची नोकरी पुण्याला, ते शनिवार-रविवारचे पाहुणे. मुलगी बारावीला. मी सकाळी सातला बाहेर पडणारी. दिवसभराची बाई ठेवून पाहिली. पहिली आठ दिवसांत गेली, दुसरी पाच दिवसांत. तिसरी राहिली असती, पण तिच्या हातून आक्का पलंगावरून घसरली आणि दोघी मिळून रडत बसलेल्या मला सापडल्या. त्या रात्री मी न्यू जर्सीला दादाला फोन लावला.

"एखादं चांगलं नर्सिंग होम बघ," दादा म्हणाला.

शब्दांचा धंदा करणाऱ्या बाईला अशा वेळीही शब्दच अडतो. नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे अजूनही आधी पाळणा आठवतो. आपला नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्यात प्रसूतिगृहेही आली. दादाच्या अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे जेथे दुबळ्या, परावलंबी म्हाताऱ्या माणसांची रात्रंदिवस शुश्रूषा होते ती जागा. आपण तिला कधी वृद्धाश्रम म्हणतो, कधी शुश्रूषा केंद्र. आणि शेजाऱ्यांना सांगताना "तिकडे ठेवलंय" एवढेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दादाने मला भलामोठा मजकूर पाठवला. तेथील केंद्र सरकार नर्सिंग होम्सना तारे वाटते, एकापासून पाचपर्यंत. १९८६ साली तेथील एका मान्यवर संस्थेने या गृहांतल्या हेळसांडीवर मोठा अहवाल दिला. त्यावरून १९८७ साली कायदा झाला आणि रहिवाशांचे हक्क ठरले. १९९८ पासून घरबसल्या तुलना करता येऊ लागली, आणि २००८ च्या डिसेंबरात हे तारे उगवले. तीन गोष्टी पाहून ते देतात: सरकारी तपासणीत काय आढळले, माणसांमागे परिचारिका किती, आणि शय्याव्रण किती जणांना झाले, पडले किती, अशा प्रकारचे आकडे. मी वाचून हरखले. वाटले, पाहा, याला म्हणतात राज्य! आपल्याकडे हॉटेलला तारे मिळतात. आक्कासाठी जागा शोधायची तर भाजीवालीला विचारावे लागते.

उत्साहाच्या भरात मी ते सगळे आक्काला वाचून दाखवले. डोके तासाभरापुरते स्वच्छ असले की आक्का फार मार्मिक बोलते. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "तपासायला येतात ते आधी कळवून येतात का गं?"

हा प्रश्न केवळ आक्काच विचारू शकली असती. तिच्या तरुणपणी शाळा तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर येत. खेड्यात त्यांना 'दिपोटी' म्हणत. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, साहेबांची हुद्द्याची नावे बदलली, विस्तार अधिकारी आले. पण आक्काच्या लेखी ते शेवटपर्यंत दिपोटीच राहिले. दिपोटी येणार म्हटले की आदल्या दिवशी शाळा सारवली जाई, दारावर आंब्याचे टाळे लागत, पोरांची नखे कापली जात. हुशार चार पोरे पुढे बसत, आणि ज्याला बाराखडी येत नाही त्याला त्या दिवशी गुरे राखायला सुट्टी! "शेरा नेहमी उत्तम," आक्का सांगे, "आणि दुसऱ्या दिवशी तो गुराखी पुन्हा माझ्यापुढं. त्याचं काय करायचं ते शेऱ्यात कुठं लिहिलेलं नसायचं."

मी पुन्हा शोध घेतला, तर दिपोटीची गोष्ट तिकडेही घडली होती. सरकारी तपासणीस अवचित येत खरे; पण परिचारिका किती हा आकडा कित्येक वर्षे त्या संस्था स्वतःच भरून देत, आणि तोही वार्षिक तपासणीच्या सुमाराच्या दोन आठवड्यांचा. वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला. मग २०१६ पासून पगारपत्रकांवरून आकडे मागवणे सुरू झाले आणि २०१८ पासून तारे त्यांवर बेतले जाऊ लागले, तेव्हा कित्येक ठिकाणी शनिवार-रविवारी माणसे किती पातळ होतात ते उघडे पडले. आक्काला हे सांगितले, तेव्हा ती हसली नाही. "पोरं तीच," एवढेच म्हणाली.

तरीही मी माझा कागद केलाच. सवय जाते कुठे! शंभर गुणांची पत्रिका आखली: स्वच्छतेला वीस, जेवणाला पंधरा, वैद्यकीय सोयींना पंचवीस, वागणुकीला वीस, वातावरणाला वीस. आणि तीन ठिकाणे पाहायला निघाले.

पहिले गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, नव्या इमारतीत. दारात तुळशीवृंदावन, आत चकचकीत फरशी, फिनेल आणि उदबत्ती यांचा मिश्र वास. भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. सकाळचे अकरा वाजले होते. दिवाणखान्यात पंधरावीस म्हाताऱ्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या होत्या आणि दूरदर्शनसंचावर भजन चालू होते. केस विंचरलेले, पदर नीट. कोणी बोलत नव्हते, कोणी हलत नव्हते. पाचसहा माना छातीवर पडलेल्या. केवढी ही शांतता, असे माझ्या मनात आले. संचालकांनी चहा दिला, बिस्किटे दिली. ऐंशी गुण.

दुसरे गावातच, एका जुन्या बैठ्या बंगल्यात. अंगणात ओल्या चादरींच्या रांगा, त्यांखालून वाकून जावे लागले. मुताचा किंचित वास होता, नाही कसे म्हणू? आत दोन म्हाताऱ्या खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून कडाकडा भांडत होत्या. एक मावशी एका आजोबांना पेज भरवीत होती. आजोबा घोट तोंडातच धरून बसले होते आणि ती चमचा हातात घेऊन तो गिळला जाण्याची वाट पाहत होती. मी समोर उभी राहिले, तरी तिने वर पाहिले नाही. "थांबा जरा, ठसका लागेल त्यांना," एवढे बोलून पुन्हा आजोबांच्या गळ्याकडे पाहू लागली. चहाचे कोणी विचारले नाही. चालवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. त्याही हात पुसत पुसतच बोलल्या. बावन्न गुण, त्यांतले चार कृपागुण.

तिसऱ्या ठिकाणी आक्काचे नाव विचारण्याआधी अनामत किती भरणार ते विचारले, म्हणून मी कागद बाहेरच काढला नाही.

आक्का पहिल्या ठिकाणी गेली. दादाने पैसे पाठवले. त्याने 'मुलांचे कर्तव्य' वगैरे शब्द वापरले नाहीत, हा त्याचा चांगुलपणा. २००७ च्या कायद्याने मूलबाळ नसलेल्या वृद्धाचा सांभाळ त्याच्या मिळकतीच्या वारसावर टाकला आहे. आणि आक्काच्या दोन खोल्या आमच्याच नावे व्हायच्या आहेत. कायदा वाचून मला अकारण अपमान झाल्यासारखे वाटले होते. अकारण की सकारण, हे मी अजून ठरवलेले नाही.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. मी दर रविवारी जाई. आक्का खुर्चीत बसलेली असे, वेणी घातलेली, चेहऱ्यावर पावडर. डोळ्यांवर झोप असे. दोनदोनदा विचारले तर एकदा उत्तर. म्हटले, रुळली. तिसऱ्या रविवारी मी सेविकांसाठी बेसनाचे लाडू नेले.

त्याच आठवड्यात गुरुवारी एका माजी प्राचार्यांच्या निधनामुळे महाविद्यालय सकाळीच सुटले, म्हणून दुपारी अडीचला मी तेथे गेले. फाटकावरच्या माणसाने अडवले. मी आवाज चढवला. वर्गात कधी चढवत नाही तेवढा. आक्का उताणी निजली होती, हनुवटीपर्यंत चादर. ओठांवर पापुद्रे. पाण्याचा पेला झाकण घालून टेबलावर भरलेला होता, आणि टेबल पलंगापासून दोन हात लांब. पायमोजा घोट्याखाली गुंडाळला गेला होता तो नीट करावा म्हणून मी चादर वर केली.

डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळाजांभळा फोड होता.

पायाशी एक वही टांगलेली होती. दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवल्याची नोंद: सहा, आठ, दहा, बारा, पुढे प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. एकच पेन, एकच वळण, एकच उतार. एका बैठकीत लिहून काढलेली वही मला दुरून ओळखता येते. बोट ठेवून पाहिले, तर चार आणि सहाच्या रकान्यांतही खुणा होत्या. माझ्या मनगटावर पावणेतीन वाजले होते.

संचालक शांतपणे म्हणाले, "ताई, वयामुळं होतं हे." वयामुळे होते, हे अर्धेच खरे. कातडी कागदासारखी झालेली असते, खाणे कमी झालेले असते, रक्त मंदावलेले असते. पण टाचेला फोड येतो तो टाच तासन् तास एकाच जागी गादीला टेकून राहिल्यामुळे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिरडते, तेथले रक्त थांबते, मांस आतून मरते. वर दिसते ते उशिरा दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाच्या नव्हे, तर शुश्रूषेच्या पदरात टाकलेला आहे. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे. मी ते आक्काच्या टाचेनंतर वाचले.

आणि शुश्रूषा म्हणजे काय फक्त त्या सेविका? असा फोड तीन दिवसांत सुरू होऊन एवढा होऊ शकतो, हे खरे. पण रविवारीही तेथे काही नव्हते, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी दोन तास तिच्या शेजारी बसले होते. मी तिची वेणी पाहिली, पावडर पाहिली, लाडू किती जणींना पुरतील ते मोजले. मोजा काढून पाहिला नाही. अक्षर वळणदार होते ना!

चौथ्या दिवशी आक्काला बावन्न गुणांच्या घरी हलवले. तीच पेजवाली मावशी पुढे आली. तिने नाव विचारले नाही, कागदपत्रे विचारली नाहीत; आधी दोन्ही मोजे काढले. दोन्ही टाचा हातात घेऊन पाहिल्या. मग आक्काला अलगद कुशीवर करून माकडहाडापाशी लाली होती तेथे बोट दाबले, उचलले, पुन्हा पाहिले. "दाबल्यावर पांढरं होतंय. हे अजून मागं फिरंल," ती म्हणाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तेथे हात लावून ऊन लागते का, कडक लागते का, ते पाहावे लागते, हेही तिनेच मला सांगितले. एक उशी दुमडून तिने पोटरीखाली घातली. टाचेखाली नव्हे, पोटरीखाली. म्हणजे टाच अधांतरी राहते. मग माझ्याकडे वळून विचारले, "बाई कंच्या कुशीवर निजतात?"

मला ते ठाऊक नव्हते. दहा वर्षांची होईपर्यंत मी तिच्याच अंथरुणात निजत होते.

"चहात साखर किती? पाणी मागतात का आपणहून? रात्री कितींदा उठायच्या?" मावशीचे प्रश्न संपत नव्हते, आणि पाचांपैकी दोनांची उत्तरेही मला देता आली नाहीत. माझ्या शंभर गुणांच्या पत्रिकेत यातला एकही प्रश्न नव्हता.

पहिल्या आठवड्यातच आक्का भांडू लागली. तेथील डॉक्टरांनी तिची औषधे पाहून झोपेची एक गोळी हळूहळू कमी करत बंद केली होती. ती कधी सुरू झाली, कोणाच्या सांगण्यावरून, ते मला कोणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते. त्या दिवाणखान्यातल्या छातीवर पडलेल्या माना मला आता आठवतात. अमेरिकेतही म्हणे म्हाताऱ्यांना गप्प ठेवणाऱ्या औषधांवरून फार गदारोळ झाला. ती औषधे आकड्यांत दिसू नयेत म्हणून काही ठिकाणी म्हाताऱ्यांच्या नावावर भलताच मनोविकार लिहिला जाई. अखेर २०२३ पासून तेथील सरकारने त्याचीही तपासणी मांडली.

येथेही कूस वळवण्याची वही आहे. कळकट, पेजेचे डाग पडलेली. वेळा एक-पन्नास, चार-दहा, सहा-पाच अशा वेड्यावाकड्या. हस्ताक्षरे चार. एके ठिकाणी लिहिले आहे, 'बाई रागवल्या. वळू दिले नाही. अर्ध्या तासाने वळवले.' शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. मी ती वही पहिल्यांदा वाचली तेव्हा बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

हे घर आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही. आमटी पातळ असते. आक्काचा चष्मा आठवडाभर सापडत नव्हता, तो दुसऱ्याच आजींच्या डोळ्यांवर निघाला. न्हाणीघराची फरशी ओली राहते यावरून चालवणाऱ्या बाईंशी माझे दोनदा वाजले आहे. रात्री एकोणीस माणसांमागे दोघीच असतात. आणखी एक ठेवा, असे मी सांगितले, तेव्हा बाईंनी जमाखर्चाची वही माझ्यापुढे ठेवली. मराठीच्या प्राध्यापिकेलाही ती समजली. त्या मावशीचा महिन्याचा पगार माझ्या किती तासिकांएवढा होतो, हा हिशेब मी त्याच ठिकाणी करून टाकला, आणि तो येथे लिहिणार नाही.

टाच भरून यायला चार महिने लागले. काळा पापुद्रा गेला, खाली गुलाबी मांस आले, मग कातडी. अजून तेथे बोट लावले तर मऊ लागते.

आता मी वेळ ठरवून जात नाही. कधी सकाळी आठला, कधी दुपारी, एकदा रात्री साडेनऊला गेले. आल्याबरोबर चादर वर करते, मोजे काढते, टाचा पाहते, पेला हाताच्या अंतरावर आहे ना ते पाहते, आणि वजनाच्या कागदावर मागच्या महिन्याचा आकडा पाहते. प्रथम प्रथम मला संकोच वाटे. मावशीला राग येईल असे वाटे. तिला राग आला नाही. एकदा मी विसरले, तर तिनेच चादर उचलली.

आक्काने मात्र या प्रकाराचा आपला अर्थ लावला आहे. परवा, दिवाळीच्या तोंडावर, मी दारात दिसले तशी ती शेजारच्या पलंगावरच्या आजींना मोठ्याने म्हणाली, "अहो, दिपोटी आले! पाय पुढं करा."

त्या आजींकडे कोणी येत नाही. मुलगा कोठे तरी आहे. पैसे येतात, माणूस येत नाही. आक्काचे पाहून झाल्यावर मी वळले, तर त्यांनी खरोखरच चादरीबाहेर दोन्ही पाय काढून ठेवले होते. मी त्यांचेही मोजे उतरवले. उजवी टाच ठीक आहे. डावी थोडी लाल वाटली. दाबून पाहिली, पांढरी झाली. मावशीला हाक मारून दाखवली, तिने उशी आणली. मोजा अंगठ्यापाशी फाटला आहे. पुढच्या वेळी दोन जोड न्यायचे आहेत, एक त्यांच्यासाठी.